रसायनशास्त्रातील संख्यात्मक उदाहरणे : उत्तर आणि उत्तराची कसोटी

प्रस्तावना

पदवी स्तरावरील सामान्य व भौतिक रसायनशास्त्राच्या अध्यापनात संख्यात्मक उदाहरणांना महत्त्वाचे स्थान आहे. विद्यार्थ्याने उदाहरण अचूक सोडविले, म्हणजे त्यामागील संकल्पना त्याला समजली, असे आपण सर्वसाधारणपणे गृहीत धरतो. हे गृहीतक तपासून पाहणे आवश्यक आहे. नुरेनबर्न आणि पिकरिंग यांनी १९८७ मध्ये 'जर्नल ऑफ केमिकल एज्युकेशन' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवून दिले की, वायूंचे नियम व रसायनमिती यांवरील आकडेमोडीचे प्रश्न सोडवू शकणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांना त्याच विषयांवरील रेणूंच्या चित्रांचे संकल्पनात्मक प्रश्न सोडविता आले नाहीत. सूत्र लक्षात असणे आणि ते सूत्र कोठे लागू पडते हे जाणणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

प्रस्तुत लेखात चार परिचित उदाहरणांच्या आधारे असे प्रतिपादन केले आहे की, सूत्राची अट तपासणे व आलेल्या उत्तराची संभाव्यता पडताळणे हा उदाहरणाच्या उकलीचाच भाग आहे आणि मूल्यमापनात त्याला स्वतंत्र स्थान मिळाले पाहिजे.

१. वस्तुमानाची कसोटी

२८.० ग्रॅम नायट्रोजन व ५.० ग्रॅम हायड्रोजन यांच्यात अभिक्रिया पूर्ण होते असे मानल्यास किती अमोनिया मिळेल, हा प्रश्न घेऊ. नायट्रोजन सुमारे १.०० मोल व हायड्रोजन सुमारे २.४८ मोल आहे. ज्या पदार्थाचे मोल कमी तो मर्यादाकारी, अशी समजूत करून घेतलेला विद्यार्थी नायट्रोजनवरून गणित करतो आणि २ मोल, म्हणजे सुमारे ३४.१ ग्रॅम अमोनिया असे उत्तर काढतो. आकडेमोडीत कोठेही चूक नाही. परंतु पात्रात एकूण ३३.० ग्रॅम द्रव्यच होते. त्यातून ३४.१ ग्रॅम अमोनिया मिळणे अशक्य होय.

वास्तविक १ मोल नायट्रोजनला ३ मोल हायड्रोजन लागतो. तो उपलब्ध नसल्यामुळे हायड्रोजन हा मर्यादाकारी ठरतो आणि उत्तर सुमारे २८.२ ग्रॅम येते. येथे चूक लक्षात येण्यासाठी नवे सूत्र शिकविण्याची गरज नाही. वस्तुमान अक्षय्यतेचा नियम विद्यार्थी शालेय जीवनापासून जाणतो. तो उत्तराला लावून पाहण्याची सवय मात्र त्याला लागलेली नसते.

२. सूत्र आणि त्याची मर्यादा

हायड्रोक्लोरिक आम्लाची संहती प्रति लिटर १० चा उणे ८ वा घात इतके मोल असल्यास २५ अंश सेल्सिअसला द्रावणाचा सामू किती? नेहमीच्या सूत्राने उत्तर ८ येते. आम्ल मिसळल्यामुळे पाणी अल्कधर्मी झाले, असा या उत्तराचा अर्थ होतो. येथे पाण्याच्या स्वतःच्या विचरणातून येणारे हायड्रोजन आयन दुर्लक्षिले गेले आहेत. एरवी ते नगण्य असतात. या विरलतेला तेच प्रमुख ठरतात. विद्युतभार समतोल व पाण्याचा आयनिक गुणाकार हे दोन्ही विचारात घेऊन वर्गसमीकरण सोडविल्यास हायड्रोजन आयनांची संहती शुद्ध पाण्यातील संहतीच्या सुमारे १.०५ पट आणि सामू ६.९८ मिळतो.

दुर्बल आम्लाच्या बाबतीत हीच अडचण अधिक सूक्ष्म रूपात येते. ॲसेटिक आम्लाचा विचरण स्थिरांक ०.००००१८ धरू. प्रति लिटर ०.१० मोल संहतीला विचरण झालेला भाग दुर्लक्षून वर्गमुळाचे सोपे सूत्र वापरल्यास विचरण सुमारे १.३ टक्के व सामू २.८७ येतो. विचरण ५ टक्क्यांहून कमी असल्याने हे सरलीकरण स्वीकारार्ह आहे. संहती ०.०००१ मोल केल्यास त्याच सूत्राने विचरण ४२ टक्के येते. म्हणजे जो भाग नगण्य मानून आपण सूत्र वापरले, तो नगण्य नाही असे सूत्राचे उत्तरच सांगते. पूर्ण समीकरण सोडविल्यास विचरण ३४ टक्के येते, सामू ४.३७ ऐवजी ४.४६ मिळतो.

या उदाहरणाचे शैक्षणिक महत्त्व असे की, सरलीकरण करण्यापूर्वी ते योग्य आहे किंवा नाही हे माहीत असण्याची सक्ती नाही. ते करावे, उत्तर काढावे आणि त्या उत्तरानेच गृहीतक तपासावे. बहुतेक उत्तरपत्रिकांत नेमकी ही अखेरची पायरी आढळत नाही.

३. एककांचा प्रश्न

एखाद्या अभिक्रियेचा प्रमाणित मुक्त ऊर्जाबदल २९८ केल्विन तापमानाला प्रति मोल उणे ५.७१ किलोज्यूल आहे. समतोल स्थिरांक १० यावयास हवा. वायू स्थिरांक ८.३१४ ज्यूलमध्ये आणि ऊर्जाबदल किलोज्यूलमध्ये ठेवल्यास उत्तर १.००२ येते. हे उत्तर अशक्य दिसत नाही. मुक्त ऊर्जाबदल ऋण असता समतोल स्थिरांक एकाहून मोठा असावा, ही अटही ते पूर्ण करते. त्यामुळे चिन्हावरून केलेली तपासणी येथे अपुरी पडते. प्रत्येक राशी तिच्या एककासह लिहून एकके छेदून पाहिली, तरच चूक उघड होते. २९८ केल्विनला दर ५.७ किलोज्यूलमागे समतोल स्थिरांक दहापट बदलतो, एवढे विद्यार्थ्याच्या लक्षात असल्यास त्याला उत्तराचा अंदाज आधीच बांधता येईल.

४. परिमाणाचा अंदाज

तापमान २९८ केल्विनवरून ३०८ केल्विन केल्यास अभिक्रियेचा वेग दुप्पट होतो. आऱ्हेनियसच्या समीकरणावरून सक्रियण ऊर्जा प्रति मोल सुमारे ५२.९ किलोज्यूल येते. तापमान सेल्सिअसमध्ये, म्हणजे २५ व ३५ असे घातल्यास ती सुमारे ०.५ किलोज्यूल येते; उत्तर शंभरपटींहून अधिक लहान होते. २९८ केल्विनला वायू स्थिरांक व तापमान यांचा गुणाकार सुमारे २.५ किलोज्यूल असतो. सक्रियण ऊर्जा त्याहूनही कमी असती, तर दहा अंशांच्या वाढीने वेगात जेमतेम फरक पडला असता. दिलेल्या माहितीशीच हे उत्तर विसंगत आहे.

लघुगणक कोष्टकांत संख्येचे अंक मिळतात. दशांश चिन्हाचे स्थान वापरणाऱ्याला स्वतः ठरवावे लागते. त्यामुळे परिमाणाचा अंदाज करणे अपरिहार्य असते. गणकयंत्राने हे श्रम वाचविले, परंतु अंदाजाची सवयही त्याबरोबर क्षीण झाली. ती आता हेतुपूर्वक शिकवावी लागेल.

येथे आणखी एक बाब नमूद करणे योग्य होईल. २० मे २०१९ पासून मोल या एककाची व्याख्या ॲव्होगॅड्रो स्थिरांकाच्या निश्चित मूल्यावर आधारलेली आहे. बोल्ट्झमन स्थिरांकाचे मूल्यही तेव्हाच निश्चित करण्यात आल्याने वायू स्थिरांकही अचूक ठरला आहे. म्हणजेच या स्थिरांकांत अनिश्चितता उरलेली नाही. ती आहे प्रयोगातील मोजमापांत आणि आपण निवडलेल्या गृहीतकांत. गणकयंत्रावरील दहा अंक जसेच्या तसे लिहिणारा विद्यार्थी नेमकी हीच गोष्ट विसरतो.

५. मूल्यमापनाची दिशा

वरील चारही चुका अभ्यासू विद्यार्थ्यांकडूनही होतात, कारण आपली गुणदानपद्धती सूत्र, मूल्ये घालणे आणि उत्तर या तीन पायऱ्यांवर उभी आहे. ज्या कृतीला गुण नाहीत ती विद्यार्थी परीक्षेत करीत नाही आणि कालांतराने वर्गातही करीत नाही. पाच गुणांच्या उदाहरणात गृहीतक स्पष्ट लिहिण्यास एक व उत्तराच्या पडताळणीस एक गुण ठेवणे अंतर्गत मूल्यमापनात सहज शक्य आहे. 'माझे उत्तर अशक्य आहे, कारण ते एकूण वस्तुमानाहून अधिक आहे', असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला चूक न सापडली तरी तो गुण द्यावा. त्याचप्रमाणे अधूनमधून तयार पण सदोष उकल देऊन दोष शोधण्यास सांगावे. फळ्यावर उदाहरण सोडविताना अध्यापकानेही उत्तराखाली रेघ मारून थांबू नये. त्या उत्तराची कसोटी वर्गासमोर घ्यावी.

समारोप

पदवीनंतर आपला विद्यार्थी औषधनिर्मिती, पाणी परीक्षण वा अन्नपदार्थ विश्लेषणाच्या प्रयोगशाळेत जातो. तेथे उत्तराची यादी पुस्तकाच्या शेवटी दिलेली नसते. विद्रावाची संहती दहापटीने चुकली, तर ते सांगणारा परीक्षक उपस्थित नसतो. त्या चुकीचा परिणाम औषधाच्या मात्रेवर किंवा पाण्याच्या अहवालावर होतो. स्वतःच्या उत्तरावर सकारण शंका घेण्याची क्षमता हीच अशा वेळी त्याची खरी शिदोरी ठरेल आणि ती देण्याची जबाबदारी अध्यापकवर्गाची आहे.