ट्रॅक्टर घेताय? आधी मागे जाऊन बघा!

मुंबईच्या माहुलला शेत शोधावं लागेल, पण ट्रॅक्टरला लागणारं डिझेल तिथल्या रिफायनऱ्या १९५०च्या दशकापासून गाळताहेत. आणि ट्रॅक्टर? तो कांदिवलीचा! महिंद्रा, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी १९६३मध्ये इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि मुंबईच्या उपनगरातून ट्रॅक्टर राज्यभरच्या वावरांत निघाले.

बागेसाठी छोटा ट्रॅक्टर घेताना सगळे पहिल्यांदा ‘किती एचपी?’ विचारतात. माझं ठाम मत आहे, पहिला प्रश्न मागच्या जोडणीचा हवा. रोटाव्हेटर, पलटी नांगर, ब्लोअर, सगळी कमाई तिथे अडकवलेली असते.

ही तीन टोकांची जोडणी, म्हणजे थ्री पॉइंट लिंकेज, आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनची. (पुण्याच्या कॉलेजचे फर्ग्युसन वेगळे, ते मुंबईचे गव्हर्नर होते!) या जोडणीआधी नांगर नुसता मागे ओढला जाई. फाळ दगडात अडकला की चाकं थांबत, इंजिन मात्र जोर लावतच राही. मग पुढची बाजू हवेत उठे आणि ट्रॅक्टर चालकावरच उलटे. माणसं दगावली यात. फर्ग्युसनच्या रचनेत खालच्या दोन दांड्या औजार ओढतात आणि वरची टॉप लिंक ट्रॅक्टरला पुढे रेटते, त्यामुळे नाक खालीच राहतं. शिवाय नांगराचा भार मागच्या चाकांवर येतो आणि हलका ट्रॅक्टरही जड काम करतो. छोट्या ट्रॅक्टरला खरं बळ दिलं ते या तीन दांड्यांनी.

१९३८मध्ये फर्ग्युसन आणि हेन्री फोर्ड यांनी या जोडणीवर करार केला, तोही कागदाशिवाय, नुसत्या हस्तांदोलनावर! १९३९मध्ये फोर्ड ९एन बाजारात आला. पुढे फोर्डच्या नातवाने करार मोडला, खटला चालला आणि १९५२मध्ये ९२.५ लाख डॉलरवर तडजोड झाली. फर्ग्युसनचेच छोटे ट्रॅक्टर घेऊन एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ला दक्षिण ध्रुवावर पोहोचले. एव्हरेस्टवाले हिलरी, हो!

आता खरेदीचं. जोडणीच्या ‘कॅटेगरी’ असतात. अमेरिकेत लॉनवर फिरणाऱ्या चिमुकल्या ट्रॅक्टरची ० असते, पिन साधारण १६ मिलिमीटरची. छोट्या ट्रॅक्टरची १, तिथे खालची पिन २२ आणि वरची १९ मिलिमीटर. मोठ्यांची २, म्हणजे २८ आणि २५. यांत ‘१ एन’ नावाचा अरुंद भाऊही आहे. पिन १चीच, पण औजारावरच्या खालच्या दोन टोकांतलं अंतर ६८३ऐवजी ४०० मिलिमीटर. म्हणून नुसती पिन मोजून गप्प बसू नका, अंतरही मोजा.

उचलण्याची क्षमता हा दुसरा सापळा. २४ एचपीच्या महिंद्रा जिवो २४५ची लिफ्ट ७५० किलोची आहे. नाशिकच्या द्राक्षबागेत फवारणीला उचलून चालणारा ब्लोअर लावायचा म्हटलं, तर ६०० लिटरच्या टाकीत पाण्याचंच वजन ६०० किलो. पंखा, पंप, सांगाडा वेगळा. त्यात टाकी जितकी मागे लोंबकळते तितकी लिफ्टची ताकद घटते. अशा ट्रॅक्टरला लहान टाकी घ्या, नाहीतर चाकांवर ओढला जाणारा ब्लोअर.

ट्रॉली मात्र कधीही टॉप लिंकच्या जागी अडकवू नका. ओढ मागच्या ॲक्सलपेक्षा वर गेली की ट्रॅक्टर उलटायला वेळ लागत नाही. तिच्यासाठी खाली ड्रॉबार किंवा हूक असतो, तोच वापरायचा.

जुन्या बाजारात औजार घेताना कॅलिपर आणि टेप खिशात ठेवा. पिन बारीक आणि ट्रॅक्टरचं भोक मोठं निघालं तर बुश घालून भागतं. पिन जाड निघाली तर ते औजार तिथेच ठेवून पुढचं बघा.