युरिया : शेतातला आणि प्रयोगशाळेतला



चिकोडी-निपाणी भागातील ऊस पिकवणाऱ्या घराला युरियाची ओळख करून द्यावी लागत नाही. पुष्कळ पालक आम्हाला म्हणतात, "युरिया रासायनिक, सेंद्रिय म्हणजे शेणखत." शेतीच्या भाषेत ते बरोबरच आहे. पण रसायनशास्त्रात युरिया हे सेंद्रिय संयुग आहे आणि मुले नेमकी येथे गोंधळतात. या शाखेला कन्नडमध्ये 'सावयव' आणि हिंदीत 'कार्बनिक' रसायनशास्त्र म्हणतात. 'कार्बनिक' या शब्दातच उलगडा आहे : हे कार्बनच्या संयुगांचे शास्त्र.

असे पदार्थ फक्त सजीवांच्या शरीरात बनतात, अशी पूर्वी समजूत होती. १८२८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ व्होलर अमोनियम सायनेट तयार करू पाहत होते; हाती आला युरिया, जो तोवर मूत्रातूनच मिळत असे. दोन्हींत अणू तेच, मांडणी मात्र वेगळी. त्या जुन्या समजुतीला येथे मोठा धक्का बसला.

युरियाच्या मध्यभागी कार्बन असतो. त्याला एक ऑक्सिजन आणि दोन अमिनो गट जोडलेले असतात. कार्बन-ऑक्सिजनच्या अशा जोडीला नायट्रोजन जोडला की त्या संयुगाला अमाइड म्हणतात. युरियाच्या दोन्ही नायट्रोजन टोकांना दुसरे रेणू जोडता येतात, म्हणून प्रयोगशाळेत तो नवे पदार्थ बनवण्याच्या कामी येतो. युरिया व मॅलॉनिक आम्ल यांपासून बार्बिट्युरिक आम्ल बनवता येते. पुढे झोपेच्या औषधांचा एक मोठा गट त्यातूनच निघाला.

बारावीच्या पातळीवरचा सोपा प्रयोग राळेचा. फॉर्मेलिनमध्ये युरिया विरघळवून ढवळत ढवळत तीव्र सल्फ्युरिक आम्लाचे काही थेंब टाकले की पांढरा घट्ट गोळा तयार होतो. फॉर्माल्डिहाइडचा कार्बन दोन युरिया रेणूंमध्ये पुलासारखा बसतो, पाणी बाहेर पडते आणि सगळीकडे जाळे विणले जाते. प्लायवूडच्या फळ्या चिकटवतात ती राळ हीच.

येथे सावधगिरी हवी. फॉर्मेलिनच्या वाफेने डोळे व घसा चुरचुरतो. फॉर्माल्डिहाइडमुळे माणसाला कर्करोग होतो, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये जाहीर केले. म्हणून हा प्रयोग शिक्षकांनीच, हवा बाहेर खेचणाऱ्या पंख्याजवळ, चष्मा व हातमोजे घालून करावा. मुलांनी तो अंतरावरून पाहावा. घरच्या पोत्यातला युरिया प्रयोगासाठी आणू नये. २०१५ पासून देशात बनणाऱ्या युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो, त्यामुळे तो प्रयोगासाठी शुद्ध नसतो.

पोत्यावरचा आकडा मात्र जरूर वाचा. युरियाचे रेणुवस्तुमान ६०, त्यात नायट्रोजन २८. म्हणजे सुमारे ४६ टक्के. ४५ किलोच्या पोत्यात जवळपास २१ किलो नायट्रोजन येतो. जमिनीतील युरिएज हे विकर अमाइडचा बंध तोडते व अमोनिया तयार होतो. खत उघडे पडले तर तो हवेत उडून जातो. खत मातीआड करा, असे जाणती माणसे सांगतात त्याचे कारण हेच. हे गणित मुलाने घरी बापाला समजावून सांगितले, तर प्रकरण पाठ करण्याची गरज उरणार नाही.

विश्वस्त मंडळाला आमची एकच विनंती : प्रयोगशाळेच्या खर्चात पंखा व चष्मे यांचा विचार आधी व्हावा, काचेच्या भांड्यांचा नंतर.

— मुख्याध्यापक