जुना गीझर गेला, नवा कोणता घ्यावा?

आमच्या न्हाणीघरातला गीझर अकरा वर्षांनी गेला. जाण्याआधी त्यानं सूचना दिली होती, मीच ती मनावर घेतली नाही. आठवडाभर नळाला हात लावला की बोटांना झिणझिण्या येत होत्या. सकाळी डबे, शाळा, ह्यांची बस. त्या गडबडीत मी काय केलं असेल? पायात रबरी सपाता घालून नळ सोडू लागले! शेवटी धाकटा ओरडला, "आई, नळ चावतो!" तेव्हा कुठे बटण बंद केलं आणि वायरमनला बोलावणं धाडलं.

बोअरच्या पाण्यातले क्षार साठून आतली कॉइल तडकली होती आणि वीज पाण्यात उतरत होती. तिला जमिनीत वाहून नेणारी अर्थिंगची तार भिंतीतल्या पॉइंटला जोडलेलीच नव्हती. अकरा वर्षं! वायरमन म्हणाला, "वहिनी, नवा कितीही भारी आणा, अर्थिंग नसेल तर पुन्हा हेच." म्हणून मैत्रिणींनो, दुकानात जाण्याआधी वायरमन. २००० वॅटचा गीझर जवळजवळ ९ अँपिअर वीज ओढतो. त्याला जाड वायर आणि १६ अँपिअरचा पॉइंट हवा, पंख्या-दिव्याचा चालत नाही. मेन स्विचपाशी आरसीसीबी नावाचं बटण बसवून घ्या. वीज थोडी जरी भलतीकडे गळली तरी ते पटकन खाली पडतं. आणि नळाला झिणझिणी आली तर आमच्यासारख्या सपाता शोधू नका, बटण बंद करा.

मग घरात चर्चा सुरू झाली. ह्यांचं म्हणणं, गॅसचा घ्यावा. पाणी लगेच तापतं, विजेचं बिलही वाढत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण माझ्या डोळ्यांपुढे जाऊबाईंचं न्हाणीघर आलं. त्यांच्याकडे गॅसचा गीझर आतच टांगलेला. थंडीचा वारा नको म्हणून वरची झरोक्याची खिडकी पुठ्ठा लावून बंद केलेली. एका रविवारी त्यांची मुलगी केसांवरून न्हायला गेली आणि अर्ध्या तासानं हाक मारली तर उत्तर नाही. दार फोडलं तेव्हा ती फरशीवर पडलेली होती. लगेच उघड्यावर आणलं, दवाखान्यात प्राणवायू दिला म्हणून वाचली. जाऊबाई सारखं एकच म्हणत होत्या, "अहो, पण गॅसचा वास आला नाही हो!"

वास येणारच नव्हता. सिलिंडरमधला गॅस गळला तर कळावा म्हणून त्यात मुद्दाम वास घातलेला असतो. इथे गॅस गळला नव्हता, तो जळत होता. बंद खोलीत हवा अपुरी पडली की गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तात तो प्राणवायूची जागा घेतो. डोकं जड होतं, मळमळतं, पाय गळतात, आणि कडी काढायचंही भान राहत नाही. तेव्हा गॅसचाच घ्यायचा असेल तर तो न्हाणीघराबाहेर, मोकळ्या गॅलरीत बसवा, फक्त गरम पाण्याचा नळ आत आणा. आमच्या घराला तशी गॅलरी नाही. विषय तिथेच संपला.

गच्ची स्वतःची असेल तर सौर बंबाचा विचार जरूर करा. पावसाळ्यात मात्र विजेची जोड लागतेच.

राहिला विजेचा. दुकानदार आधी ३ लिटरचा छोटा दाखवतो; स्वस्त आणि सुटसुटीत. स्वयंपाकघरात भांड्यांपुरता तो छान. पण ३००० वॅटचा असला तरी थंडीत अंघोळीजोगं पाणी मिनिटाला दोन लिटरच्या आसपास देतो, म्हणजे २० लिटरची बादली भरायला दहा मिनिटं. चौघांच्या घरात सकाळी ह्यावरून भांडणंच व्हायची! १५ लिटरची टाकी २००० वॅटवर साधारण वीस-बावीस मिनिटांत चांगली कढत होते, आणि विसण घालून दोघांची अंघोळ होते. मग थोडं थांबून पुढचे दोघे. आम्ही २५ लिटरचा घेतला, कारण सासूबाईंना थांबवत नाही. भरल्यावर त्याचं वजन तीस किलोच्या वर जातं, म्हणून भिंत आणि खिळे आधी पाहून घेतले.

पाच तारे असले की बिल निम्मं होतं, अशी पुष्कळजणींची समजूत आहे. टाकीतलं पाणी नुसतं उभं राहून किती निवतं, ते हे तारे सांगतात. दिवसभर बटण चालू ठेवणाऱ्यांना त्याचा फायदा जास्त. सकाळी अर्धा तास लावून बंद करणारीला कमी. चौघांच्या अंघोळीला थंडीत रोज दोनेक युनिट लागणारच, मग तारे किती का असेनात.

आमच्यासारखं जड पाणी असेल तर आतून काचेचा मुलामा दिलेली टाकी मागा. तिच्यात मॅग्नेशियमची एक कांडी असते. टाकी गंजू नये म्हणून ती स्वतः झिजते आणि संपली की टाकीची पाळी येते. जुन्या गीझरमधली कांडी उघडून पाहिली तर तारेएवढी उरलेली! ती बदलता येते हे अकरा वर्षांत आम्हांला कुणी सांगितलं नाही. उंच इमारतीत किंवा प्रेशर पंप असेल तर ८ बारचा दाब सोसणारा घ्या, आयएसआयची खूण पाहा, आणि बसवणाऱ्यानं सेफ्टी व्हॉल्व लावलाय ना, ते उभं राहून बघा. आमच्याकडचा पहिला माणूस तो खोक्यातच ठेवून निघाला होता.

नवा येईपर्यंत चार दिवस बादलीत रॉड घालून भागवलं. पोरांना त्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाही, आणि प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोटही बुडवलं नाही.

नव्या गीझरच्या अंगावर मी बसवल्याची तारीख लिहून ठेवली आहे, आणि खाली 'कांडी बघणे' म्हणून पुढच्या वर्षीचा महिना. ह्यांना ते अक्षर भारी कुरूप दिसतं. दिसू दे.