शस्त्रज्ञानाच्या प्रौढीची नावे

शस्त्रविद्येची खोटी प्रौढी मिरविणाऱ्याची टवाळी करणारे शब्द अनेक भाषांत आढळतात. अशा शब्दात नेमके कशाचे हसे केले आहे हे पाहू गेल्यास, प्रौढीचे स्वरूपच कालांतराने पालटल्याचे दिसून येते.

प्राचीन प्रहसनांत हसे होते ते संख्येचे. प्लाउटस या रोमन नाटककाराच्या 'मिलेस ग्लोरिओसुस' या इ. स. पू. २०५ च्या सुमाराच्या नाटकात धन्याचा खुशमस्कऱ्या त्याने लोळविलेल्या शत्रूंची गणती करतो. किलिकियात १५०, एका कपोलकल्पित देशात १००, सार्डिसचे ३०, मॅसिडोनियाचे ६०. आणि बेरीज विचारताच तो सांगतो, सात हजार! खरी बेरीज ३४० होते. आपल्याकडील 'तीसमारखाँ' या शब्दाची घडणही याच जातीची आहे. संख्या, 'मार' हा धातू आणि वर 'खाँ' ही सन्मानाची पदवी. लोककथेप्रमाणे मारलेल्या तीस, त्या माश्या! बढाईखोराला मान देऊनच त्याचा मान काढण्याची ही युक्ती मोठी मार्मिक म्हटली पाहिजे.

आधुनिक काळात संख्या मागे पडली. जेम्स थर्बर यांच्या १९३९ मधील कथेतील दिवास्वप्ने पाहणाऱ्या वॉल्टर मिटीवरून ब्रिटिश सैनिकांच्या बोलीत 'वॉल्ट' हे नाम रूढ झाले. न केलेल्या सैन्यसेवेचा आणि न मिळालेल्या पदकांचा आव आणणारा, तो 'वॉल्ट'. येथे प्रौढी पराक्रमाची नसून ओळखीची आहे.

२००० नंतर अमेरिकेतील बंदूकप्रेमींच्या बोलीत रुळलेला 'मॉल निंजा' हा शब्द याच्याही पुढे जातो. मॉल म्हणजे मोठे बाजारसंकुल, निंजा म्हणजे जपानी परंपरेतील गुप्त योद्धा. या दोहोंच्या विसंगतीतच सारा उपहास आहे. हा मनुष्य किती मारले हे सांगत नाही, कोठे लढलो हेही फारसे सांगत नाही. तो चिलखताचे पत्रे, दुर्बिणी, सुरे आणि त्यांच्या तांत्रिक संज्ञा यांची यादी ऐकवितो. अमेरिकेच्या संघराज्यीय कायद्यात बंदूक खरेदीसाठी प्रशिक्षणाची अट नाही. जेथे शस्त्र दुकानात मिळते आणि विद्या मिळत नाही, तेथे खरेदीलाच विद्या समजण्याचा मोह होणे स्वाभाविक होय. आणि अशा माणसाच्या सल्ल्यावर विसंबणाऱ्याच्या जिवाशी गाठ असते. मात्र बाजारसंकुलाच्या साध्या पहारेकऱ्याविषयीची तुच्छताही या शब्दात मिसळलेली आहे, हे नाकारता येणार नाही.

खोट्या पदकांना शिक्षा ठरविणारा अमेरिकेचा २००५ चा कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये भाषणस्वातंत्र्याच्या आधारे रद्द केला. २०१३ च्या नव्या कायद्याने लाभासाठी केलेली फसवणूक तेवढी दंडनीय ठरविली. नुसत्या जाणकारीच्या प्रौढीला हा कायदा शिवत नाही. तिचा समाचार घेण्याचे काम बोलीकडेच राहिले आहे. ती आता वस्तूंनाही सोडीत नाही: भडक, निरुपयोगी सुऱ्यांनाही 'मॉल निंजा' हेच विशेषण लागते, आणि 'टॅक्टिकल' व 'कूल' यांच्या संधीतून 'टॅक्टिकूल' हा नवा जोडशब्द त्यांच्यासाठी घडला आहे.