अर्ज, शिक्का आणि परतीचे वचन : चिनी प्रवाशाचा अल्पकालीन व्हिसा

१

भारतीय साहित्याचा व इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यास चिनी प्रवाशांचे ऋण मान्य करावेच लागते. फाहियान, ह्युएनत्संग, इत्सिंग यांचे वृत्तांत हाताशी नसते, तर नालंदा विद्यापीठाचे चित्र आपणांस इतके स्पष्ट दिसले नसते. दुसऱ्या पुलकेशीच्या काळातील महाराष्ट्राविषयी परकीय साक्षीदाराचे असे वर्णनही आपल्याला लाभले नसते. या वृत्तांतांत काय आहे याची चर्चा विपुल झाली आहे. तथापि हे प्रवासी कोणत्या परवानगीने आले, किंवा कोणत्या परवानगीवाचून आले, या प्रश्नाकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. हाच प्रश्न आजच्या चिनी प्रवाशाच्या संदर्भात विचारणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा विषय साहित्याच्या नियतकालिकात कशासाठी, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर दुहेरी आहे. एक तर पर्यटक-व्हिसाचा अर्ज ही अनेक कागदांनी मिळून सिद्ध झालेली एक संहिताच असते. तिला तिची स्वतःची शैली आहे, तिचे संकेत आहेत आणि तिचा एक अत्यंत संशयी वाचकही आहे. दुसरे असे की, चीनमधील संस्कृत, हिंदी, बंगाली वा अन्य भारतीय भाषांचा वाचक आपल्या देशात पाऊल ठेवू शकेल की नाही, हे या संहितेच्या वाचनावर अवलंबून असते.

२

प्रवासासाठी मुद्रांकित पत्र घेण्याची रीत आधुनिक राष्ट्रांनी निर्माण केलेली नाही. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात मुद्राध्यक्ष नावाचा अधिकारी येतो. तो एक माषक घेऊन मुद्रा देतो. मुद्रेवाचून जाणाऱ्या जानपदास १२ पण दंड सांगितला आहे. आणि बनावट मुद्रा बाळगणारा परदेशी असेल तर त्यास अधिक कडक शिक्षा आहे. पेशवेकालीन दप्तरांत आढळणारे 'दस्तक' याच कुळातले होय.

चीनमध्ये तांग राजवटीत 'क्वो-स्वो' नावाचे पत्र असे. नाक्यावरून पुढे जाण्यासाठी ते आवश्यक होते. तुर्फानजवळच्या अस्ताना येथील दफनभूमीत अशा पत्रांचे अवशेष सापडले आहेत. त्यांपैकी इसवी सन ७३२ मधील एक पत्र एका सोग्दी व्यापाऱ्याचे आहे. त्यात त्याच्याबरोबरची माणसे व जनावरे यांची नोंद असून नाक्यानाक्यावरील तपासणीचे शेरे आहेत. जपानी भिक्षू एन्चिन यास ८५५ साली मिळालेली अशी पत्रे जपानमधील ओन्जोजी मंदिराने आजतागायत जपली आहेत. २०२३ साली युनेस्कोने एन्चिनच्या कागदपत्रांचा जागतिक स्मृतिनोंदीत समावेश केला.

ह्युएनत्संगाजवळ मात्र असे पत्र नव्हते. सीमापार जाण्यास त्या वेळी बंदी होती आणि त्याचा अर्ज नामंजूर झाला होता. त्याच्या शिष्यांनी लिहिलेल्या चरित्रानुसार त्याला पकडण्याचे आज्ञापत्र क्वाचौ येथे येऊन पोहोचले होते. तेथील श्रद्धावान अधिकाऱ्याने ते त्यालाच दाखविले आणि त्याच्यासमोर फाडून टाकले. पुढे गाओचांगच्या राजाने मार्गावरील २४ राज्यांच्या अधिपतींना उद्देशून २४ पत्रे लिहून दिली व प्रत्येक पत्रासोबत खूण म्हणून रेशमी कापडाचा एक ठाण दिला. मायदेशाची परवानगी नाही, परंतु परक्या राजाची शिफारस आहे, अशा स्थितीत तो भारतात आला. परतताना खोतानहून त्याने सम्राटास पत्र पाठवून आपण विनापरवाना गेल्याचे कळविले आणि ६४५ साली सन्मानाने राजधानीत प्रवेश केला. भारतविद्येचा एक पायाभूत ग्रंथ अशा रीतीने एका नामंजूर अर्जातून उभा राहिला आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

३

आता आजच्या स्थितीकडे वळू. 'व्हिसा' या शब्दाच्या मुळाशी 'पाहिलेला कागद' अशी लॅटिन कल्पना आहे. चिनी भाषेतील 'छ्येन-जंग' या शब्दात सही आणि पुरावा हे दोन अर्थ एकत्र आले आहेत. अर्जदाराच्या दृष्टीने चिनी शब्द अधिक यथार्थ म्हणावा लागेल. कारण सही एकच असते, पुरावे मात्र अनेक द्यावे लागतात.

चिनी नागरिकास खाजगी कारणासाठी परदेशी जाणे १९८५ सालच्या निर्गमन-प्रवेश कायद्यानंतर हळूहळू सुलभ होत गेले. आरंभी पर्यटन गटानेच होई. ज्या देशांशी करार झाला असेल तेथेच गट जात. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्यासाठी ही सोय १९९९ साली, तर युरोपातील बहुतेक देशांसाठी २००४ साली झाली. एकट्याने अर्ज करणारा प्रवासी त्यामानाने अलीकडचा आहे.

उदाहरणादाखल युरोपातील शेंगेन देशांचा अल्पकालीन व्हिसा घेऊ. हा व्हिसा १८० दिवसांच्या कोणत्याही कालावधीत जास्तीत जास्त ९० दिवस राहण्याची मुभा देतो. त्याचे नियम २००९ सालच्या व्हिसा-संहितेत ग्रथित झाले आहेत. ११ जून २०२४ पासून प्रौढ अर्जदारास ९० युरो शुल्क पडते. किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय विमापत्र लागते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, परंतु पंधरा दिवसांहून कमी अवधी उरला असता सामान्यतः करता येत नाही. चीनमधील अर्जदारांना ऑक्टोबर २०१५ पासून बोटांचे ठसेही द्यावे लागतात. इतका भाग तांत्रिक आहे आणि तो जगातील बहुतेक अर्जदारांना समान आहे.

खरे वैशिष्ट्य सोबतच्या कागदांत आहे. त्यांत पहिले स्थान 'हुखौ' या कुटुंब-नोंदवहीचे. १९५८ सालच्या नियमांनी ही नोंदपद्धती देशभर पक्की झाली. कुटुंबप्रमुख कोण, त्याच्याशी प्रत्येकाचे नाते काय, जन्म कोठला, नोंद शहराची की गावाची, हे सर्व तिच्यात असते. माणूस जन्मापासून कोणत्या जागेशी बांधला गेला आहे हे सांगणारी ही वही देशांतर्गत व्यवहारासाठी निर्माण झाली. आणि आता तीच परदेशी अधिकाऱ्यापुढे 'याचे मूळ येथे आहे' अशी साक्ष देते.

दुसरा कागद नोकरीचा दाखला. त्यावर अर्जदाराचे पद, वेतन, नोकरीचा कालावधी आणि मंजूर रजेच्या तारखा असाव्या लागतात. रजेनंतर त्याची जागा कायम राहील असेही त्यात स्पष्ट म्हटलेले असते. खाली अधिकाऱ्याची सही आणि संस्थेचा गोल तांबडा शिक्का. चीनच्या व्यवहारात या शिक्क्याचे महत्त्व सहीहून अधिक आहे. त्याच्या जोडीला संस्थेच्या व्यवसाय-परवान्याची प्रत द्यावी लागते. म्हणजे साक्षीदारालाही आपली ओळख पटवावी लागते. तिसरा कागद बँकेच्या खात्याचा गेल्या काही महिन्यांचा उतारा. त्यात नुसती मोठी शिल्लक असून भागत नाही. दरमहा वेतन जमा होत असल्याचे दिसावे लागते. अर्जाच्या आदल्या आठवड्यात एकाएकी जमा झालेली रक्कम साहाय्य करण्याऐवजी संशयच वाढविते. चौथा कागद दिवसवार प्रवासयोजनेचा : कोणत्या तारखेस कोणते शहर, मुक्काम कोठे, परतीचे विमान कोणते.

हे सारे कागद एकत्र वाचले असता त्यांतून एक कथन उभे राहते. ते भविष्यकाळातले कथन असते आणि त्याचे शेवटचे वाक्य ठरलेले असते : मी परत येईन. व्हिसा-संहितेनुसार अधिकाऱ्याने ज्या गोष्टी पारखावयाच्या त्यांत 'मुदत संपण्यापूर्वी निघून जाण्याचा इरादा' ही एक प्रमुख बाब आहे. परंतु इरादा हा कागदावर दाखविता येत नाही. म्हणून घर, नोकरी, अपत्ये, वृद्ध माता-पिता यांना त्याचे पुरावे मानले जाते. माणसाला घराशी बांधणारे जे जे पाश, ते ते येथे त्याचे गुण ठरतात. ज्याला पाश कमी, त्याच्या वचनाला किंमत कमी. अविवाहित तरुण, गावची नोंद असलेला मजूर, कोणत्याही संस्थेचा शिक्का नसलेला स्वतंत्र लेखक वा अनुवादक यांचा अर्ज म्हणूनच दुबळा समजला जातो. अशा अर्जदाराने करभरणा, घराची मालकी, प्रकाशकाशी झालेला करार असे पर्यायी पुरावे जोडावेत हे इष्ट. मात्र त्यांचे वजन वाचणाऱ्याच्या विवेकावर राहते.

नकार आल्यास तो छापील नमुन्यावर येतो. त्यावरील ठरावीक कारणांपैकी लागू असेल त्यापुढे खूण केलेली असते. परतण्याच्या इराद्याविषयी वाजवी शंका, हे त्यांपैकी एक. या निर्णयाविरुद्ध दाद मागता येते, आणि तो हक्क मोलाचा आहे. तरीही अनेक पानांच्या आत्मनिवेदनाला एका खुणेने उत्तर मिळते, ही विषमता लक्षात आल्यावाचून राहत नाही.

४

भारताच्या अर्जाची रीत याहून काहीशी निराळी आहे. तो युरोपीय अर्जाच्या मानाने अर्जदाराच्या वर्तमान संपत्तीपेक्षा त्याच्या पूर्वपीठिकेची चौकशी अधिक करतो. माता-पित्यांची नावे व जन्मस्थाने, धर्म, अंगावरील दृश्य ओळखखूण, नागरिकत्व जन्माने की अन्य मार्गाने, सैन्यात वा पोलिसांत नोकरी केली आहे काय, गेल्या दहा वर्षांत कोणते देश पाहिले, माता-पिता वा आजी-आजोबा पाकिस्तानचे नागरिक होते काय, असे प्रश्न त्यात आहेत. चेंगदूच्या एखाद्या शिक्षिकेस शेवटचा प्रश्न अनाकलनीय वाटावा यात नवल नाही. तो तिच्यासाठी लिहिलेलाच नाही; तो उपखंडाच्या १९४७ च्या जखमेतून आला आहे. प्रत्येक राष्ट्राचा अर्ज त्या राष्ट्राच्या भयांची सूचीच असतो, असे म्हणावयास हरकत नाही.

नावाचा प्रश्न भाषाभ्यासकाने विशेष पाहावा असा आहे. चिनी नाव चित्रलिपीत निःसंदिग्ध असते. रोमन लिपीत येताना त्याचे सूर गळून पडतात आणि अनेक भिन्न नावे एकरूप होतात. त्यातही 'ल्यू' या आडनावातील स्वर रोमन कळफलकावर नसल्याने जुन्या पारपत्रांत ते एका रीतीने व नव्या पारपत्रांत दुसऱ्या रीतीने लिहिले गेले आहे. एकाच व्यक्तीचे जुने व नवे पारपत्र समोर ठेवले की ती दोन व्यक्ती भासते. विवाहानंतरही स्त्रिया माहेरचेच आडनाव चालवितात, त्यामुळे पती-पत्नीचे नाते सिद्ध करण्यास पुन्हा कुटुंब-नोंदवही काढावी लागते.

२०१२ साली चीनने नवे इलेक्ट्रॉनिक पारपत्र काढले. त्याच्या पानांवरील नकाशात अरुणाचल प्रदेश व अक्साई चीन हे चीनचे भाग म्हणून दाखविले होते. त्याला उत्तर म्हणून भारतीय वकिलातीने आपला नकाशा असलेले व्हिसे देण्यास आरंभ केला. एकाच पुस्तिकेत दोन राष्ट्रांचे दोन नकाशे आमनेसामने आले, आणि ते घेऊन हिंडणारा मात्र बोधगया पाहावयास निघालेला साधा यात्रिक.

२०१५ साली भारताने चिनी पर्यटकांना इलेक्ट्रॉनिक व्हिसाची सोय दिली होती. २०२० च्या आरंभी महासाथीमुळे ती थांबली. त्याच वर्षी जूनमध्ये गलवान येथील संघर्ष झाला. एप्रिल २०२२ मध्ये चिनी नागरिकांचे पर्यटक-व्हिसे अवैध ठरविण्यात आले. त्या वेळी चिनी विद्यापीठांत नाव असलेले सुमारे २२ हजार भारतीय विद्यार्थी परत जाऊ न शकल्याने घरी अडकून पडले होते, हा संदर्भही विसरता येत नाही. २४ जुलै २०२५ पासून पर्यटक-व्हिसाचे अर्ज पुन्हा घेण्यास प्रारंभ झाला. अर्जदाराने अर्ज संगणकावर भरून छापावा, वेळ ठरवावी आणि बीजिंग, शांघाय वा ग्वांगचौ येथील केंद्रात स्वतः कागद सादर करावेत, अशी रीत त्या वेळी जाहीर झाली. २६ ऑक्टोबर २०२५ रोजी कोलकाता-ग्वांगचौ विमानसेवाही पुन्हा सुरू झाली. पाच वर्षांहून अधिक काळ, म्हणजे एका विद्यार्थ्याच्या पदवीपासून प्रबंधापर्यंतचा काळ, हे दार बंद होते.

५

आपल्या विद्यापीठांच्या दृष्टीने एक व्यावहारिक भेद येथे नमूद केला पाहिजे. पर्यटक-व्हिसा हा स्थलदर्शन, मनोरंजन, आप्तेष्टांची भेट अशा हेतूंसाठी आहे. त्यावर येऊन चर्चासत्रात निबंध वाचणे वा हस्तलिखितांवर संशोधन करणे नियमात बसत नाही. परिषदेसाठी व संशोधनासाठी व्हिसाचे वेगळे प्रकार आहेत आणि त्यांच्या अनुमतीस वेळ लागतो. स्नेहभावाने 'पर्यटक म्हणूनच या, येथे आल्यावर पाहू' असे लिहिणारा यजमान पाहुण्यास संकटात लोटतो, कारण एकदा झालेला नियमभंग पुढील प्रत्येक अर्जाच्या आड येतो. निमंत्रणपत्रात हेतू, तारखा, निवासाची व्यवस्था व खर्चाची जबाबदारी स्वच्छ शब्दांत लिहिणे, आणि पाहुणा उतरल्यावर २४ तासांच्या आत त्याची नोंद अधिकाऱ्यांकडे करणे, ही यजमानाची कर्तव्ये आहेत.

राज्यांना आपल्या सीमा राखण्याचा अधिकार आहे, हे कौटिल्यानेही जाणले होते. प्रश्न सीमेचा नसून वाचनाचा आहे. अर्जातील माणूस हा शिक्के, शिल्लक आणि वंशावळ यांची बेरीज म्हणून वाचावयाचा, की एखादे स्थळ किंवा ग्रंथ पाहण्याच्या ओढीने निघालेला जिज्ञासू म्हणून वाचावयाचा? गाओचांगच्या राजाने लिहिलेल्या २४ पत्रांत पाहुण्याची जबाबदारी एका माणसाने आपल्या शब्दावर घेतली होती. आजच्या व्यवस्थेत तशा पत्राच्या सर्वांत जवळ जाणारी वस्तू म्हणजे विद्वानाने विद्वानास पाठविलेले निमंत्रण होय. ते नेमके, सत्य आणि वेळेवर लिहिणे एवढे तरी आपल्या हाती आहे.