हिरवा दिवा लागल्यानंतरचं काम

सकाळी ७

रात्री पाऊस झाला की आष्टीत फायबरवाल्याची सकाळ फोनने उजाडते. "भाऊ, लाल दिवा लागलाय. पोरीचा क्लास आहे नऊला." फोन कुणाचाही असो, मी आधी एवढंच सांगतो की हिरवी पिन ओढू नका, वायर मुडपू नका आणि राउटरच्या डब्याच्या मागचं ते बारीक बटण टाचणीने दाबू नका. लाल दिव्याचा अर्थ वायरीतून येणारा प्रकाश वाटेत कुठंतरी अडलाय. ते बटण दाबून प्रकाश येत नाही. उलट आधी केलेलं सगळं सेटिंग पुसलं जातं आणि डबा कारखान्यातून निघाला तसा कोरा होतो. मग अर्ध्या तासाच्या कामाला दुपार जाते.

सकाळी ८.३०

मुर्शदपूरच्या बाजूला गटारीचं खोदकाम चालू आहे, तिथं जेसीबीच्या दातात केबल गेली. लाल लेझरचा पेन लावून तुटीची जागा शोधली. फायबरमधली काच १२५ मायक्रॉन जाडीची, जवळपास केसाएवढी. वरचं आवरण सोलायचं, स्पिरिटने पुसायचं, क्लीव्हरने टोक सरळ कापायचं आणि दोन्ही टोकं स्प्लायसिंग मशीनमध्ये समोरासमोर ठेवायची. पडद्यावर ती दोन खांबांसारखी दिसतात, ठिणगी पडते आणि काच वितळून एक होते. बोटाचं तेल लागलं किंवा धुळीचा कण राहिला, तर सांधा वरून चांगला दिसतो पण प्रकाश गळतो. पॉवर मीटरवर उणे २१ डीबीएम आलं, म्हणजे ठीक. उणे २७ च्या पलीकडे गेलं की नेट येत-जात राहतं आणि लोक उगीच राउटरला दोष देतात.

सकाळी १०.३०

आजची नवी जोडणी एका निवृत्त गुरुजींकडे. घर जुनं, भिंती दगडी, पुढं नंतर बांधलेली स्लॅबची खोली.

"टीव्हीच्या मागं बसव बाबा, वायर दिसायला नको."

"गुरुजी, टीव्हीच्या मागं नको. शेजारी लोखंडी कपाट आहे. आतल्या खोलीत रेंजच जाणार नाही."

थोडी ओढाताण झाली आणि शेवटी डबा मधल्या दाराच्या वर, माणसाच्या उंचीपेक्षा जरा वर बसला. पाच गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण दगडी भिंत त्याला सोसत नाही. २.४ चा हळू, पण तो आत स्वयंपाकघरापर्यंत पोचतो. म्हणून दोन्ही चालू ठेवले. २.४ साठी चॅनल १, ६ आणि ११ यांपैकी निवडायचा, कारण हे तीन एकमेकांवर चढत नाहीत. शेजारच्या दोन घरांचे डबे ६ वर होते, म्हणून इथं ११ धरला.

हिरवा दिवा लागला, नातवाने यूट्यूब लावून पाहिलं, काकूंनी चहा आणला. आमच्या धंद्यात पुष्कळजण इथंच पिशवी आवरतात. त्याचा मला मनापासून राग येतो. नळ जोडून दिला आणि तोटी बसवलीच नाही, अशातला हा प्रकार आहे.

चहा बाजूला ठेवून मी मोबाइलवर १९२.१६८.१.१ उघडतो. राउटरचं आतलं पान. युजरनेम अॅडमिन, पासवर्डही अॅडमिन. ही जोडी जगातल्या कुठल्याही चोराला पाठ आहे. हे पान ज्याच्या हातात जातं, त्याच्या हातात घराचं सगळं जाणं-येणं जातं. तो डीएनएसचा, म्हणजे साइटचं नाव कुठल्या पत्त्यावर न्यायचं ते सांगणाऱ्या यंत्रणेचा, पत्ता बदलतो आणि तुम्ही बँकेचं नाव टाकता तेव्हा बँकेसारखंच दिसणारं दुसरंच पान तुमच्यापुढं आणू शकतो. म्हणून पहिला बदल या पासवर्डचा. काहीजण सगळ्या गिऱ्हाइकांना एकच पासवर्ड टाकून ठेवतात, म्हणजे पुढच्या खेपेला लक्षात ठेवायला सोपं. ते तर आणखी वाईट. एका घरात कळला की गावातली सगळी घरं उघडी.

मग वायफायचा पासवर्ड. गुरुजी लगेच म्हणाले, "माझा मोबाइल नंबर टाक, विसरणार नाही." तालुक्यातल्या दहा घरांत विचारा, बहुतेक ठिकाणी हेच निघेल. गुरुजींचा नंबर गल्लीत सगळ्यांना पाठ आहे, हे झालं एक. दुसरं असं की आपल्याकडचा मोबाइल नंबर दहा आकडी, पहिला आकडा सहा ते नऊ. म्हणजे सगळ्या मिळून ४०० कोटी शक्यता. माणसाला हा आकडा अफाट वाटतो. पण घराबाहेर उभं राहून वायफायची सुरुवातीची देवाणघेवाण टिपून नेली, की चांगल्या ग्राफिक्स कार्डाच्या संगणकाला तो आकडा शोधणं तास-दोन तासांचं काम. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन अक्षरांत लागोपाठ लिहावेत. लक्षात राहतात आणि संगणकाला जड जातात. फक्त घरच्यांची नावं, कुलदैवत आणि जन्मसाल त्यात नको. गुरुजींनी चार शब्द निवडले. कुठले, ते मी इथं अर्थातच लिहीत नाही.

सुरक्षेच्या रकान्यात डब्ल्यूपीए३ असेल तर ते, जुना फोन जोडला जात नसेल तर डब्ल्यूपीए२ आणि त्यात एईएस. डब्ल्यूईपी कुठं दिसलं तर ताबडतोब बदलायचं, त्याची कुलूपकिल्ली २००१ मध्येच मोडली गेली. डब्ल्यूपीएस, म्हणजे बटण दाबून जोडायची सोय, बंद केली. तिचा पिन आठ आकडी दिसतो, पण तो दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा नुसता ताळ्याचा. त्यामुळे फार तर ११,००० प्रयत्नांत तो सापडतो, हे २०११ मध्ये उघड झालं. बाहेरच्या इंटरनेटवरून राउटरचं पान उघडायची सोयही बंद केली.

दोन्ही पासवर्ड वहीच्या कागदावर गुरुजींच्याच हस्ताक्षरात लिहून घेतले आणि तो कागद लाइटबिलांच्या फायलीत गेला. माझ्याकडे नोंद ठेवली नाही. घर त्यांचं आहे.

दुपारी १

नगर-जामखेड रस्त्यावरचं एक सेवा केंद्र. पीक विम्याचे दिवस, दारात रांग. केंद्र चालवणाऱ्या दादाने रांगेतल्या लोकांसाठी वायफायचा क्यूआर भिंतीवर चिकटवलाय. भाव चांगला आहे. पण त्या चौकोनात पासवर्ड उघडाच असतो आणि त्याच वायफायवर दादाचा संगणक, ज्यात गावच्या आधारकार्डांच्या आणि बँक पासबुकांच्या प्रती. गेस्ट नेटवर्क वेगळं काढून दिलं. त्यावरच्या माणसाला इंटरनेट मिळतं, केंद्राचा संगणक मिळत नाही. भिंतीवरचा क्यूआरही त्याचाच लावला.

"एवढं कोण येतंय आपल्याकडे?" दादाने विचारलं. मी त्याला सानपाड्याची गोष्ट सांगितली. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना जो धमकीचा मेल गेला, त्याचा माग काढत पोलीस पोचले नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटमध्ये. तिथं राहणाऱ्या परदेशी माणसाचा त्या मेलशी संबंध नव्हता, त्याचं वायफाय दुसऱ्यानेच वापरलं होतं. पण चौकशी त्याची झाली. त्यानंतर मुंबईत पोलिसांनी उघडी वायफाय शोधायची मोहीमच काढली. इंटरनेटच्या नोंदीत पत्ता दिसतो तो जोडणीचा, माणसाचा नाही. दादाने गेस्टचा पासवर्ड दर आठवड्याला बदलायचं कबूल केलं.

दुपारी २.३०

भाकरी, पिठलं, कांदा. लाइट गेलेली, म्हणून फोन शांत.

दुपारी ३.३०

कड्याला एका आडत दुकानात. तक्रार अशी की नेट सारखं संथ. राउटरचं पान उघडलं तर कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरसाठी बाहेरून थेट वाट उघडलेली, म्हणजे मालकांना घरून दुकान दिसावं. डीव्हीआरचा पासवर्ड कंपनीचाच. असे डबे शोधत फिरणारी स्वयंचलित साधनं रात्रंदिवस इंटरनेटवर असतात. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने नुसती ठरावीक पासवर्डांची यादी लावून लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. २०१७ च्या जुलैत बीएसएनएलच्या हजारो ग्राहकांच्या मोडेमवर हल्ला झाला, तेव्हाही ज्यांचा पासवर्ड अॅडमिनच राहिला होता ते सापडले. सगळ्यांना पासवर्ड बदलायचं आवाहन कंपनीला करावं लागलं.

वाट बंद केली, डीव्हीआर नव्याने सुरू करून त्याचा पासवर्ड बदलला, यूपीएनपी बंद केलं, कारण त्यामुळे आतलं उपकरण न विचारता वाट उघडतं. कॅमेरे आता कंपनीच्या अॅपवरून दिसतात. वेग लगेच सुधारला. मालकांनी नवा राउटर घ्यायचं ठरवून ठेवलं होतं, ते पैसे वाचले.

सायंकाळी ५.३०

टाकळसिंगला म्हातारा-म्हातारी दोघंच. मुलगा पुण्यात कंपनीत, दारातला कॅमेरा त्यानेच लावून दिलेला. आजी फोन स्पीकरवर ठेवतात आणि अंगणात शेजारणी बसलेल्या असताना मुलगा मोठ्याने पासवर्ड सांगायला लागतो. मी त्याला थांबवलं, "कागदावर आहे, सांगू नका." राउटरचं सॉफ्टवेअर जुनं होतं, अपडेट केलं. तेवढी मिनिटं लाइट जाऊ नये म्हणून डबा छोट्या बॅटरीवर टाकला, मध्येच वीज गेली तर डबा कायमचा बंद पडू शकतो. आजींना एवढंच सांगितलं की "कंपनीतून बोलतोय" म्हणत कुणी पासवर्ड किंवा ओटीपी मागितला तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच, तर लगेच १९३० लावा.

रात्री ८

उद्यासाठी पॅचकॉर्ड आणि कनेक्टर पिशवीत भरले, क्लीव्हर पुसून डबीत ठेवला.

वाचणाऱ्यांना एक विनंती. तुमच्या घरी माणूस नेट जोडायला येईल तेव्हा हिरवा दिवा बघून त्याला जाऊ देऊ नका. त्याच्या शेजारी बसा, राउटरच्या पानाचा पासवर्ड स्वतः टाका, डब्ल्यूपीएस बंद झालं का ते डोळ्यांनी बघा. जोडणी जुनी असेल तर हे आज रात्रीही होतं. फार तर दहा मिनिटं लागतात आणि त्याचे पैसे कुणी मागत नाही.