पुराची बोट आणि तिची ट्रॉली

ऑगस्ट २०१९ चा महापूर शिरोळ तालुका विसरणार नाही. पूर्वी पुरात गुऱ्हाळाच्या काहिलीतून माणसं काढत. आता यांत्रिक बोटी आल्या. पण बोट वेळेवर पाण्यात उतरली तर उपयोग!

उसाची ट्रॉली उंच, तिच्यावरून बोट उतरवायला गडी जमवावे लागतात. म्हणून ठेंगणी, दोन चाकांची, तळाखाली रोलर असलेली ट्रॉली घ्यावी. बोट, इंजिन, तेल, जॅकेटे या साऱ्या वजनाला ती पुरून उरावी. वजन एक्सलच्या किंचित पुढे ठेवावे. मागे गेले की ट्रॉली झोके खाते. हुकाला खिटी आणि साखळी हवीच. पाण्यातून काढल्यावर बेअरिंगला ग्रीस भरावे.

ही तयारी मृगाआधीच करा. पाणी दारात आल्यावर धावाधाव नको.